आईचं पपनस आणि रात्रीची गोळी

ठाण्यात नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आई सावंतवाडीजवळच्या गावी एकट्या राहतात, वय ६९. रक्तदाबासाठी निफेडिपिन, कोलेस्टेरॉलसाठी रात्री ॲटोर्वास्टॅटिन आणि शिंका सुरू झाल्या की फेक्सोफेनाडिन, अशा गोळ्या चालू आहेत. परसात वडिलांनी लावलेलं पपनसाचं झाड आहे. गणपतीपासून फळं असेपर्यंत आई रोज दुपारी अर्धं पपनस मीठ लावून खातात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीची फळं काही औषधांबरोबर चालत नाहीत, असं यंदा ताईंच्या वाचनात आलं. घाबरून त्यांनी फोनवरूनच पपनस, संत्रं, मोसंबी, लिंबू असं सगळं आंबट बंद करायला लावलं. कामाला येणाऱ्या बाईंना झाडावरची फळं उतरवून वाटून टाकायला सांगितलं. तेव्हापासून आई फोनवर 'हो', 'नाही' याच्या पलीकडे बोलत नाहीत. धाकट्या भावाचं म्हणणं नेमकं उलट आहे. फळांतली नैसर्गिक द्रव्यंच रक्तदाब उतरवतात, आईला गोळ्यांची गरज नाही, असं तो म्हणतो. त्याने 'सिट्रस बायोफ्लेव्होनॉइड'च्या कॅप्सूल आणून दिल्यात, सकाळी लिंबू-मध-पाणी सुरू करून दिलंय, आणि शिंकांची गोळी मोसंबीच्या रसाबरोबर घ्यायला सांगितलंय. पत्राच्या शेवटी ताई जाता जाता लिहितात, 'गणपतीनंतर आईच्या पिंढऱ्या दुखतात, उठताना चक्कर येते म्हणते. वयाचं असेल.' आणि विचारतात, 'मी बरोबर की भाऊ बरोबर?'

प्रिय ताई,

तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ मी आधी घेते. पिंढऱ्या दुखणं आणि उठताना चक्कर येणं. वयाचं असेलही. पण ॲटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण गरजेपेक्षा वाढलं तर स्नायू दुखू शकतात, आणि निफेडिपिन जास्त झालं तर रक्तदाब उतरून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन्ही तक्रारी पपनसाच्या दिवसांतच सुरू झाल्या आहेत. योगायोग असू शकतो, पण डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा असा योगायोग आहे. म्हणून हे उत्तर पुरतं वाचून होण्याआधी आईंच्या डॉक्टरांना फोन करा. काय दुखतं, कधीपासून, आणि आई रोज अर्धं पपनस खात होत्या, ही तिन्ही वाक्यं सांगा. अंग फार दुखायला लागलं, हातापायातली शक्ती गेल्यासारखी वाटली किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फोनवर न थांबता त्याच दिवशी दाखवायला न्या. आणि डॉक्टर सांगेपर्यंत कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही आणि तुमचा भाऊ भांडताय खरे, पण एका गोष्टीवर तुमचं दोघांचंही एकमत आहे. 'आंबट फळं' ही एकच वस्तू आहे असं तुम्ही दोघंही धरून चालला आहात. तुम्हाला ती धोक्याची वाटते, त्याला औषधाची. मी पंचवीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिले, आणि हा गोंधळ रोज पाहिला. कुणी म्हणायचं, 'या गोळीवर आंबट चालेल ना?' मी विचारायची, 'आंबट म्हणजे काय खाणार? कैरी, ताक, चिंच, लिंबू, की पपनस?' समोरचा माणूस गडबडून जायचा. जिभेला जे आंबट लागतं ते एक, आणि आतड्यात गेल्यावर जे काम करतं ते दुसरंच.

तुम्ही आईंना पपनस सोलताना लहानपणापासून पाहिलं असेल. विळीने किंवा सुरीने वरून चार चिरा द्यायच्या, मग अंगठा घालून जाड साल उचकटायची. साल चिरताना बारीक तुषार उडतात आणि हाताला वास राहतो. ते सालीतलं तेल. त्यात मुख्यतः लिमोनीन असतं. संत्र्याची साल निरांजनाच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. त्याच्या आत बोटभर जाडीचा पांढरा, कापसासारखा थर. तो चाटून पाहिला तर कडू लागतो. पपनसात आणि ग्रेपफ्रूटात हा कडूपणा नरिंजिन नावाच्या द्रव्याचा. संत्र्या-मोसंबीच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि फोडींवरच्या शिरांमध्ये त्याचं भावंड असतं, हेस्परिडिन. त्याला मात्र चव अशी नाही. मग पाकळीचं कातडं, आणि आत ते मोकळे, टपोरे दाणे. त्यांत सायट्रिक आम्ल, साखर, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. बियांमध्ये लिमोनिन, नाव तेलासारखंच असलं तरी द्रव्य निराळं. मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडू का होतो, असं बरेच जण विचारतात. अख्ख्या फळात लिमोनिन कडू नसलेल्या रूपात असतं. रस काढला की आम्लाशी गाठ पडून ते हळूहळू कडू होत जातं. रसवाल्याने भेसळ केली असं समजून त्याच्याशी भांडू नका.

एवढी सगळी मंडळी एका फळात राहतात. तुमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला तो यांच्यापैकी फक्त एका कुटुंबामुळे, आणि त्याचं नाव मी अजून घेतलेलंच नाही: फ्युरॅनोकुमरिन.

ही गोष्ट सापडली तीसुद्धा अपघाताने. कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचा दारूबरोबर काय परिणाम होतो ते तपासत होते. फेलोडिपिन तुमच्या आईंच्या निफेडिपिनच्याच घराण्यातलं. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. १९९१ मध्ये त्यांनी रक्तदाब किंचित वाढलेल्या सहा पुरुषांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. पाण्याबरोबर गोळी घेतली तर जेवढं फेलोडिपिन रक्तात पोचतं, त्याच्या सरासरी २८४ टक्के ते ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर पोचलं. म्हणजे जवळजवळ तिप्पट. निफेडिपिनही त्याच अभ्यासात होतं. ते सरासरी १३४ टक्के पोचलं, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. आणि याच अभ्यासात तुलनेसाठी संत्र्याचा रसही दिला होता. त्याने फेलोडिपिनमध्ये काहीही फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे, ताई. संत्र्यावर बंदी घालण्याआधी कुणीतरी ते तुम्हाला सांगायला हवं होतं.

यामागचं कारण कळलं की पुढचे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, सीवायपी३ए४ असं त्याचं रुक्ष नाव आहे. अंगात शिरणाऱ्या परक्या द्रव्यांचा काही भाग ते दारातच मोडून टाकतं. जकात नाक्यासारखं समजा. औषध बनवणारे ही जकात गृहीत धरूनच गोळीची मात्रा ठरवतात. शंभरातलं बरंचसं नाक्यावर जाणार, उरलेलं रक्तात पोचणार. फ्युरॅनोकुमरिनं या विकराला चिकटतात आणि ते कायमचं निकामी करून टाकतात. नाकाच बंद पडला की जी गोळी पंचवीस म्हणून पोचायची ती साठ-सत्तर म्हणून पोचते. डबीवरचा आकडा तोच, गोळी तीच, अंगाला मात्र मात्रा वाढवल्यासारखी लागते.

गंमत म्हणजे सुरुवातीला संशय आला होता तो त्या कडू नरिंजिनवर. ग्रेपफ्रूटात भरपूर आणि संत्र्यात नाही, म्हणजे तेच असणार, असा सरळ हिशेब. पण नुसतं नरिंजिन देऊन पाहिलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. खरं काम बर्गॅमॉटिन आणि त्याच्या जवळच्या द्रव्यांचं निघालं, जी जिभेला कळतही नाहीत. त्यामुळे 'आमचं पपनस गोड आहे, कडू नाही' या बोलण्याला इथे अर्थ नाही.

दुसरी एक गोष्ट तुमच्या आई म्हणतीलच, कारण प्रत्येक आई म्हणते: 'मी दुपारी खाते, गोळी रात्री घेते, मध्ये सात-आठ तास जातात.' ऐकायला पटतं. पण निकामी झालेलं विकर दुरुस्त होत नाही, आतड्याला ते नव्याने बनवावं लागतं. त्याला एक दिवस, कधी दोन-तीन दिवसही लागतात. रोज फळ खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो नाका उघडायची वेळच येत नाही. म्हणून इथे वेळ पुढेमागे करून भागत नाही.

पपनसाबद्दल शंका घेण्यात तुम्ही चुकला नाहीत, हे मी स्पष्ट लिहिते. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर आलेलं फळ. म्हणजे आपलं पपनस हे ग्रेपफ्रूटचं मूळ घर. पपनसातही फ्युरॅनोकुमरिनं सापडतात, आणि पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी वाढते हे निरोगी माणसांवरच्या चाचणीत दिसलं आहे. प्रमाण झाडाझाडाला वेगळं, फळाफळाला वेगळं. तुमच्या परसातल्या झाडात ते किती आहे, हे घरबसल्या कळायचा मार्ग नाही. त्यामुळे डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पपनस बाजूला, एवढं ठेवा. थांबवल्यावर आठवडाभर रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगा. आईंच्या गोळ्यांची मात्रा जर त्या रोज पपनस खात असतानाच ठरली असेल, तर फळ थांबल्यावर आकडा थोडा वरही जाऊ शकतो, आणि ते डॉक्टरांना कळायला हवं. फळ सुरू करणं आणि फळ बंद करणं, दोन्ही सांगण्यासारख्या गोष्टी आहेत.

पण नागपुरी संत्रं? ते मँडरिन जातीचं, या भानगडीत ते येत नाही. जालन्याकडची मोसंबी गोड संत्र्याच्या जातीची, तीही नाही. मार्मलेडसाठी वापरतात ते सेव्हिलचं कडू संत्रं मात्र येतं. परदेशी मार्मलेडची बाटली घरात असेल तर लेबल बघा. आपलं कागदी लिंबू सालीत ही द्रव्यं बाळगतं, पण वरणावर पिळलेल्या फोडीएवढ्या रसाला डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. पेलाभर लिंबाचा रस रोज कुणी पिऊ नये, आणि पीत असेल तर सांगावं.

लिंबू बंद करून तुम्ही आईंच्या ताटातून काय काढलंत ते सांगते, कारण लिंबू म्हणजे चवीपुरतं, असं आपल्याला वाटतं. डाळीतलं, मेथीतलं, नाचणीतलं लोह ज्या रूपात असतं, ते आतड्याला सहज उचलता येत नाही. क जीवनसत्त्व ते उचलता येण्याजोगं करतं. गरम वरण-भातावर, पोह्यांवर ताटात वाढल्यावर लिंबू पिळायची आपली जी रीत आहे, ती रसायनशास्त्राच्या हिशेबाने अगदी बिनचूक आहे. जेवणाबरोबरच घेतलं म्हणून लोहाला मदत, आणि शिजवताना न घालता वरून पिळलं म्हणून उष्णतेने जीवनसत्त्व कमी वाया. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. सत्तरीला आलेल्या, मोजकं जेवणाऱ्या बाईच्या ताटात ती फोड असलीच पाहिजे. आजच फोन करून लिंबू परत सुरू करायला सांगा.

आता तुमच्या भावाकडे वळते. त्याच्यावर रागावू नका. फळातली द्रव्यं अंगावर काम करतात, हे त्याचं म्हणणं खरंच आहे, नाहीतर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमाराच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सायडर. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते सहा दिवसांत फळं संपेपर्यंतच सुधारले. तिथे फळ हेच औषध होतं, कारण रोगच त्या फळातल्या द्रव्याच्या अभावाने झालेला होता. तुमच्या आईंचा रक्तदाब संत्री न खाल्ल्यामुळे वाढलेला नाही. फरक इथे आहे.

त्याच्या कॅप्सूलवरचं 'बायोफ्लेव्होनॉइड' म्हणजे मघाच्या हेस्परिडिनसारखी द्रव्यं, आणि त्यांच्याबद्दल तो म्हणतो त्यातही तथ्य आहे. संत्र्याचा रस किंवा हेस्परिडिन काही आठवडे दिल्यावर रक्तवाहिन्या जरा जास्त सैल झाल्या, खालचा रक्तदाब थोडा उतरला, असं छोट्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे. डायोस्मिन आणि हेस्परिडिन यांची गोळी तर मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर लिहूनही देतात. पण या चाचण्यांत कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडवून जागी संत्री दिली नव्हती. 'थोडा उतरला' आणि 'गोळी नको' यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर चुकलं तर त्याची किंमत अर्धांगवायूच्या रूपाने मोजावी लागते. भावाला हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलंत तरी चालेल.

या द्रव्यांनी फार मोठ्या माणसांनाही मोहात पाडलं आहे. क जीवनसत्त्व वेगळं काढणारे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये लिंबातल्या फ्लेव्होनॉइडना 'पी जीवनसत्त्व' ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. तरी पुढे पुरावा उभा राहिला नाही आणि १९५० मध्ये ते नाव मोडीत निघालं. लायनस पॉलिंग यांनी १९७० नंतर सर्दीसाठी क जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस घ्यायला सांगितले, तेही नोबेलविजेते. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर हाती आलं ते एवढंच: रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर जाते, सर्वसाधारण माणसाला ती व्हायची थांबत नाही. उलट दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या नेमाने घेणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचं प्रमाण जास्त दिसलं, कारण जादा क जीवनसत्त्वाचं शरीर ऑक्झलेट बनवतं. बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एक मोठं संत्रं किंवा अर्धा पेरू यात ते आलं.

त्या कॅप्सूलच्या डबीचं लेबल मात्र भावाला समोर बसवून वाचा. 'सिट्रस' म्हणजे नेमकं कोणतं फळ, हे पुष्कळदा बारीक अक्षरांत असतं. ग्रेपफ्रूटचा अर्क असेल तर तुम्ही झाडावरून उतरवलेलं पपनस त्याने डबीतून परत आणलं असं होईल. कडू संत्र्याचा अर्क असेल तर त्यात सिनेफ्रिन असतं. वजन उतरवायच्या गोळ्यांत ते घालतात, आणि त्याने रक्तदाब व नाडी वाढू शकते. रक्तदाबाच्या बाईला देण्याची ही वस्तू नाही. लेबलवर काय आहे ते डॉक्टरांना दाखवेपर्यंत डबी कपाटात ठेवा.

मोसंबीच्या रसाबरोबर गोळी ही त्याची युक्ती तर फेक्सोफेनाडिनच्या बाबतीत पुरती उलटी आहे. या गोळीला आतड्यातून रक्तात नेणारे काही वाहक असतात, आणि ग्रेपफ्रूट, संत्रं, सफरचंद यांचे रस त्या वाहकांना अडवतात. गोळी पोटात जाते, पण तिचा बराचसा भाग रक्तात पोचतच नाही. मोसंबी संत्र्याचीच सख्खी, तिलाही तोच नियम लावा. म्हणजे पपनसाने औषध वाढतं, इथे कमी होतं. आईंच्या शिंका 'गोळी घेऊनही' थांबत नसतील तर कारण हेही असू शकतं. पण ही अडवणूक थोड्या तासांपुरती असते, म्हणून इथे वेळ पाळून भागतं. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, रस किंवा फळ चार तास पुढे-मागे. खरं तर कुठलीही गोळी साध्या पाण्याबरोबर, एवढी सवय घरात लावून घेतली तरी अर्धे घोळ टळतात.

लिंबू-मध-पाण्यात विष नाही, पण औषधही नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, आणि दातांवरचं कवच साडेपाचच्या खाली झिजायला लागतं. पाणी घातल्याने आम्ल सौम्य होतं, तरी रोज सकाळी घोट घोट घेत बसलं आणि लगेच ब्रश फिरवला की उतारवयातल्या दातांना ते सोसत नाही. आवडत असेल तर पटकन पिऊन साध्या पाण्याने चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने. छातीत जळजळत असेल तर सोडून द्यायचं. मुतखड्याची सवय असलेल्यांना मात्र लिंबातलं सायट्रेट थोडं उपयोगी पडतं. ते लघवीत कॅल्शियमला बांधून ठेवतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी मध्येच सांगते. मूत्रपिंड बदललेल्या ज्या लोकांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू आहे, त्यांनी पपनस आणि ग्रेपफ्रूट चवीलाही घेऊ नये. तिथे मात्रेचा काटा फार नाजूक असतो. सिमव्हास्टॅटिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन, फेलोडिपिन यांनाही हाच इशारा. आणि ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत किंवा ज्यांना स्पिरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी आहे, त्यांचा प्रश्न फ्युरॅनोकुमरिनचा नाही, पोटॅशियमचा आहे. पेलाभर रसात तीन-चार फळं जातात आणि पोटॅशियमही तेवढ्यांचं येतं. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबीचा रस नेण्याची आपली पद्धत मायेची आहे, पण मूत्रपिंडाच्या आजाऱ्याकडे जाताना आधी विचारा. मधुमेह्यांनीही रसाऐवजी अख्खं फळ, फोडींच्या कातड्यासकट खावं. तंतू त्यातच आहेत, आणि खाता खाता थांबायचंही भान राहतं.

आणखी एक, कारण दरवर्षी एखादी तरी मुलगी रडत येते. लिंबाची साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका. तीच फ्युरॅनोकुमरिनं उन्हात कातडी भाजतात, फोड येतात, आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

ताई, आता औषधांच्या पलीकडचं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, भाऊ आहे, कामाच्या बाई आहेत. आईंचं बोलणं एकच, तेही दुखण्याचं. पपनस बंद करताना त्यांना कारण सांगितलं होतं का? की 'आई, आजपासून हे बंद' एवढंच? त्या झाडाची फळं त्यांच्या परसातून दुसऱ्याच बाईंकडून उतरवली गेली. झाड वडिलांनी लावलेलं, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायचं पपनस वर्षानुवर्षं त्याच झाडाचं येत असणार. घाबरून केलंत हे मला कळतं. बहुतेक मुलं लांब राहतात म्हणूनच असं करतात. जवळ असतो तर आपण बोललो असतो, लांबून आपण फर्मानं काढतो.

तुम्हाला वाटतं आई रुसल्या आहेत. मला वाटतं त्यांना लाजल्यासारखं झालं असेल. साठ-सत्तर वर्षं जे खाऊन स्वतःला आणि मुलांना वाढवलं, तेच एका फोनवर विष ठरलं. त्यांना ते विष नाही हे तुमच्या तोंडून ऐकायचं असेल. आणि ते खरंही आहे. पपनस चांगलं फळ आहे, क जीवनसत्त्व भरपूर, साखर बेताची. बिघडलंय ते त्याचं आणि या दोन गोळ्यांचं जमत नाही एवढंच. हे असंच सांगा. नाक्याची गोष्ट सांगा. ज्या बाईने घराचे हिशेब केले आहेत, तिला नाका बंद पडल्यावर काय होतं ते समजायला वेळ लागणार नाही.

शक्य असेल तर या शनिवार-रविवारी गावी जा. पोचल्यावर लगेच औषधांचा विषय काढू नका. जेवण होऊ दे, वरणावर लिंबू पिळा. मग सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, कॅप्सूलची डबी आणि चूर्णं-काढे काही असतील तर तेही एका पिशवीत भरा, आणि वहीच्या पानावर आईंच्या हातानेच लिहायला सांगा: कुठली गोळी, कधी, कशाबरोबर. खाली त्या काय काय फळं खातात तेही, महिन्यांसकट. हा कागद घेऊन दोघी डॉक्टरांकडे जा. भावाला यायचं असेल तर येऊ दे, त्याच्या शंका त्याने तिथे विचाराव्यात.

झाडावर अजून फळं असतील तर ती आईंनी आपल्या हाताने द्यावीत, कुणाला द्यायची ते त्यांनीच ठरवावं. शेजारच्या घरी कुणी याच गोळ्यांवर असेल, तर देताना त्या सांगतीलही.

आणि डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न आहे. कोलेस्टेरॉलची सगळी औषधं त्या नाक्यावरून जात नाहीत. रोसुव्हास्टॅटिनचा फारसा संबंध त्याच्याशी येत नाही. निफेडिपिनच्या घराण्यातल्या ॲम्लोडिपिनवरही ग्रेपफ्रूटचा परिणाम फार थोडा होतो. आईंना ती मानवतील का, बदलावीत का, हे त्यांचं रक्त, मूत्रपिंड आणि हृदय पाहून डॉक्टरच ठरवतील. कदाचित नाही म्हणतील. पण कदाचित पुढच्या गणपतीत थोडं पपनस चालेल असंही म्हणतील. तो प्रश्न तुम्ही विचारू नका. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा, आणि आईंना विचारू द्या.